मन्नानाचा आहेर

दार खर्रूबा गावात मन्नानावरून एक म्हणच पडली होती: डुकरानं हुंगून सोडलं, ते मन्नानानं ताटात वाढलं. गिरणीवाला अल्लाल ही म्हण सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. तीही मन्नाना समोरून येत असेल तर जरा जास्तच मोठ्यानं.

म्हणीत खोटं काही नव्हतं. मन्नानाची शेताची पट्टी गावाच्या अगदी वरच्या अंगाला, ओकच्या रानाला चिकटून होती. तिथे साधा गहू पेरला तर कापणीआधी आठ दिवस रानडुकरं उतरायची आणि कापायला काहीच उरायचं नाही. म्हणून ती तिथे श्कालिया पेरायची. श्कालिया म्हणजे खपली गव्हाची धाकटी बहीण म्हणावी. ओंबी चपटी, कुसळं लांब नि राठ, आणि एका टरफलात एकच दाणा, तोही असा घट्ट बसलेला की उखळात कांडल्याशिवाय बाहेर येईल तर शपथ. त्या कुसळांमुळे डुकरं तोंड लावत नसत. पीठ मात्र पिवळसर, भाकर गोडसर, आणि सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत पोट भुकेचं नाव काढत नसे.

एके काळी आमच्या या डोंगरात घरोघरी श्कालिया असे, आणि तो दाण्यापेक्षा काडासाठी. गुडघ्याच्या वर जाणारं, बारीक, चिवट काड. त्यानं शाकारलेलं छप्पर वीस पावसाळे काढायचं. मन्नानाचा नवरा बुसल्हाम शाकारणीच करायचा. चार डोंगरांत त्याच्या हातचं छप्पर ओळखू यायचं. पुढे पत्रे आले. काड कुणाला लागेना. पाठोपाठ दुप्पट उतारा देणारं नवं गव्हाचं बियाणं आलं आणि एकेका घरातून श्कालिया उठला. राहिला तो मन्नानाच्या पट्टीत आणि तिच्या कोठीतल्या एका रांजणात.

"अगं, सोड ना आता," अल्लाल म्हणायचा. "तुझं टरफल दळून माझ्या जात्याच्या खाचा बुजतात."

"मग कांडून आणते ना रे. तुझ्या जात्याला दात नाहीत, त्याला मी काय करू?"

असं तिचं तोंड होतं. हात मात्र कायम रिकामा. बुसल्हामची शाकारणीची कामं आटली, मुलगा मफद्दल टँजिअरच्या कारखान्यात लागला तो उशिरा. मधली वर्षं ओढगस्तीची. त्या वर्षांत गावातल्या पोरींची लग्नं निघाली की बाकीच्या बाया घोंगडी, तांब्याची तबकं, चहाचे पेले द्यायच्या. मन्नाना श्कालियाचं बी द्यायची. दोन ओंजळी, पांढऱ्या कापडात बांधून. तिच्या आईनंही तिला असंच दिलं होतं, त्यामुळे त्यात काही कमीपणा आहे असं तिच्या मनातही यायचं नाही.

आलं ते शामाच्या लग्नात. शामा म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण वारल्यावर दोन वर्षं मन्नानाच्याच घरी वाढलेली. मावशी काहीतरी खास देणार म्हणून पोरगी वाट बघत होती. नवऱ्याकडच्या बायांसमोर गाठोडं सुटलं आणि त्यातून दाणे निघाले. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या.

शामाचा चेहरा लालबुंद झाला. "मावशी, मी कोंबडी आहे का?" ती म्हणाली. "कोंबडीच उजवताय ना तुम्ही? मग ठीक आहे."

त्यानंतर नऊ वर्षं शामानं मावशीच्या दारात पाऊल टाकलं नाही. खिंडीपलीकडच्या तिफ्राऊन गावी तिचं सासर; चालत तीन तासांची वाट. मन्नानानं दोनदा निरोप धाडला, तिसऱ्यांदा नाही. गुरुवारच्या बाजारात कधी लांबून शामाची लोकरी गोंड्यांची टोपी दिसली की ती वाकून उगाच कांदे निवडत बसायची.

मग बुसल्हाम पडला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पेरणीला अजून पाऊस यायचा होता. शेजारच्या वाडीत कुणाच्या गोठ्याचं जुनं छप्पर गळत होतं म्हणून म्हातारा वर चढला, वासा मोडला आणि तो खालच्या दगडावर आला. खुब्याचं हाड. खेचरावरून रस्त्यापर्यंत, तिथून गाडीनं तेतवानच्या दवाखान्यात. मन्नाना होती त्या कपड्यांनिशी गेली. मफद्दलनं टँजिअरहून बायकोला, बतूलला, गावी आणून सोडलं. कडेवर दहा महिन्यांची लेक. शेळ्या, कोंबड्या, घर, सगळं तिच्या गळ्यात टाकून तो कामावर परत गेला.

बतूल शहरात जन्मलेली. शेळीचं दूध काढायला तिला चार दिवस लागले आणि शेळीला तेवढेच दिवस तिला माफ करायला. पण पोरगी चिवट होती. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत बर्फ पडलं. असं की बारा दिवस खालचा रस्ता बंद. घरातलं पीठ सहाव्या दिवशी संपलं. शेजारची म्हातारी फत्तूमा एकटीच होती, तिच्याकडे तर त्याआधीच संपलेलं. बतूलनं कोठी धुंडाळली. बाकल्याच्या शेंगांची शेरभर डाळ सापडली, आणि कोपऱ्यातल्या रांजणात टरफलातलं कसलंसं धान्य. फत्तूमाला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि कानांनी फार ऐकू येत नव्हतं. तिनं हातात दाणे घेतले नि म्हणाली, "कांड, पोरी. चांगलं असतं हे. आम्ही लहानपणी हेच खायचो."

बतूलनं कांडलं. हातांना फोड येईस्तोवर कांडलं, पाखडलं, अल्लालच्या गिरणीत नेऊन दळलं. कोंडा कोंबड्यांना घातला.

फेब्रुवारी लागता लागता मन्नाना नवऱ्याला घेऊन परतली. बुसल्हाम खेचरावर आडवा बसलेला, काठी मांडीवर, आणि गाव बघून लहान पोरासारखा रडत होता. बतूलनं दारातच सासूच्या हाताचं चुंबन घेतलं, दोघांना शेकोटीपाशी बसवलं आणि समोर बिसारा ठेवला: बाकल्याचं दाट कालवण, वर ऑलिव्हचं तेल. सोबत मातीच्या तव्यावरची गरम भाकर.

मन्नानानं तुकडा मोडला. रंग बघितला. तोंडात घातला आणि चावायची थांबली.

ती उठली, कोठीत गेली. रांजणावरचं झाकण निघाल्याचा आवाज बाहेर आला.

"काय झालं, लाल्ला?" बतूलनं विचारलं. सासूला ती मानानं लाल्लाच म्हणायची.

"किती शिल्लक आहे?"

"ही शेवटची भाकर. तुमच्यासाठी राखून ठेवली होती."

मन्नानानं झाकण परत रांजणावर ठेवलं. "ते बी होतं," ती एवढंच म्हणाली.

दोन दिवस ती सुनेशी बोलली नाही. भांडली असती तर बरं, असं बतूलला वाटलं. सासू पाणी भरे, शेळ्या सोडी, नवऱ्याची कूस बदले, पण तिचे ओठ मिटलेले. बाकीचं बतूलला सासऱ्यानं सांगितलं: हे बी आता डोंगरात कुणाकडेच नाही, आणि असंच बी माहेरून घेऊन मन्नाना पंचेचाळीस वर्षांपूर्वी या घरात आली होती.

तिसऱ्या दिवशी बुसल्हामनं बायकोला हाक मारली. नात त्याच्या पोटावर बसून त्याची दाढी ओढत होती.

"मन्नाना, हिच्याकडे बघ."

"बघितलंय."

"नीट बघ. गाल बघ हिचे. हे श्कालियाचे गाल आहेत. पीठ संपल्यावर त्या बर्फात ही पोर, हिची आई आणि ती आंधळी फत्तूमा कशावर जगली? तुझ्या रांजणावर. तू घरी नव्हतीस, तरी तूच खाऊ घातलंस. आता सांग, सुनेला शिक्षा करायची की अल्लाहचे आभार मानायचे?"

मन्नानानं नातीला उचललं. बराच वेळ तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. चुलीपाशी बतूल पाठमोरी बसली होती. तिचे खांदे हलत होते.

"लाल्ला, शिव्या द्या मला," बतूल न वळता म्हणाली. "पण बोला."

"कशाच्या शिव्या? रांजणावर काही लिहिलं होतं का? आणि लिहायचं म्हटलं तरी मला कुठे येतं लिहिता!" मन्नाना तिच्या शेजारी बसली. तिचे हात हातात घेऊन तिनं उलटे केले. तळव्यावर कांडण्याचे घट्टे अजून होते. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढं सगळं एकटीनं कांडलंस?"

मग दोघींनी शोध सुरू केला. आधी जुन्या गोठ्याच्या श्कालियानं शाकारलेल्या छपरातून बतूलनं ओंब्या उपसून काढल्या. ओल्या फडक्यात घालून चुलीजवळ ठेवल्या. पंधरा दिवसांत एकीला कोंब फुटेल तर शपथ. फडक्याला बुरशी तेवढी आली. अल्लालनं गिरणीच्या फटी झाडून मूठभर कचरा आणून दिला. म्हण बंद केली होती बिचाऱ्यानं. त्यात एकही अख्खा दाणा निघाला नाही.

"तुम्ही कधी कुणाला दिलं नव्हतं का?" बतूलनं विचारलं.

"दिलं की. लग्नात. गावातल्या पोरींना. सगळ्या हसायच्या."

बतूलनं खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन घेतलं. "नावं सांगा."

मन्नानानं आठवून आठवून सात नावं सांगितली. बतूल अजून पेन धरून होती.

"आणखी?"

"बस्स, एवढीच."

"आठवं कुणीतरी आहे. तुम्ही बोटं मोजताना आठवं बोट दुमडलंत."

"ते राहू दे."

वसंतभर त्या फिरल्या. कधी दोघी, कधी नात पाठीवर बांधून तिघी. एक जण नवऱ्याबरोबर कासाब्लांकाला गेलेली. एकीनं ओशाळून सांगितलं, कोंबड्यांना घातलं. एकीला आठवतच नव्हतं. एकीनं दोन वर्षं पेरलं होतं, मग पट्टीच विकली. एकीनं तर मन्नानाच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि दोन अंडी दिली. चहा सगळीकडे मिळाला. बी कुठेच नाही.

जून संपत आला. सातव्या नावावर रेघ मारून बतूल म्हणाली, "आता आठवं."

"ती फेकून देणार होती. तेव्हाच म्हणाली होती."

"कोण ती?"

मन्नानानं सांगितलं. सगळं ऐकून बतूल हसली नाही. "म्हणजे तुम्ही बी हरवायला तयार आहात, पण तिच्या दारात जायला नाही," ती म्हणाली.

मन्नानानं तिच्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, "टँजिअरच्या पोरी अशाच बोलतात का गं सासूशी?"

"अशाच."

"उद्या पहाटे निघू. ऊन व्हायच्या आत खिंड चढायला हवी."

खिंडीच्या माथ्यावर पोचल्या तेव्हा खाली तिफ्राऊन पसरलं होतं. गहू केव्हाच कापून झालेला, शेतं उघडी पडलेली. फक्त एका ठिकाणी, वरच्या बाजूला रानाच्या कडेनं, लांबट पट्टा अजून उभा होता. पिवळा, खाली थोडा हिरवट, वाऱ्यानं एका अंगाला कललेला. श्कालिया सगळ्यांत उशिरा पिकतो.

मन्नाना वाटेवरच बसली. बतूल घाबरली. "चक्कर आली का, लाल्ला? पाणी देऊ?"

"नको," मन्नाना म्हणाली. "जरा बघू दे."

शामा शेतातच भेटली. हातात विळा, कमरेला लाल पट्ट्यांचं कापड, चार बाळंतपणांनी भरलेलं अंग. मावशीला बघून ती थबकली. दोघींमध्ये कापलेल्या काडांची एक ओळ होती. कुणीच ती ओलांडेना.

"कुणी गेलं का?" शामानं विचारलं. एवढ्या वर्षांनी मावशी दारात आली म्हणजे तसंच काहीतरी असणार.

"कुणी नाही गेलं. बी गेलं."

मन्नानानं काही लपवलं नाही. बुसल्हामचं पडणं, बर्फ, रांजण. सांगता सांगता तिनं बतूलच्या खांद्यावर हात ठेवला होता, ते शामाच्या नजरेतून सुटलं नाही.

"खोटं कशाला बोलू, मावशी," शामा म्हणाली. "मी नाही पेरलं. मी ते गाठोडं दारामागे फेकलं होतं. सासूनं उचललं आणि पेरलं. त्या जागी डुकरं काही टिकू देत नव्हती, म्हणून. मी तीन वर्षं त्या शेतात गेले नाही, रागानं."

"मग?"

"मग गव्हावर तांबेरा पडला ते साल. आठवतंय ना? गावभर गहू गेला. हा तेवढा उभा राहिला. नवरा स्पेनला स्ट्रॉबेरी खुडायला गेलेला, पैसा यायला चार महिने लागले. पोरांना मी हेच भरवलं." तिनं विळा जमिनीवर ठेवला. "तेव्हापासून दर वर्षी कापताना तुमची आठवण यायची. आधी राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. निरोप धाडावा म्हणायचे, आणि कोणत्या तोंडानं धाडू म्हणून राहायचं."

"माझंही तेच, पोरी. मी बाजारात कांदे निवडत बसायचे."

"मी बघायचे तुम्हाला कांदे निवडताना," शामा म्हणाली, आणि मग मात्र तिनंच ती ओळ ओलांडली.

घरी तिची सासू रहीमो ओसरीवर बसून बाकला सोलत होती. वय सत्तरीपार, दात दोन, पण जीभ धारदार. सगळं ऐकून ती म्हणाली, "ये बाई, बस. नऊ वर्षं तुझे आभार मानायचे राहिलेत. सून दिलीस ती फुरंगटून आली. बरोबर बी दिलंस ते गुणाचं निघालं. खरं सांगू? पहिली तीन वर्षं मला सुनेपेक्षा बीच आवडायचं!"

"आणि आता?" शामानं विचारलं.

"आता दोन्ही सारखं. तुला कुसळं जरा जास्त आहेत एवढंच."

हसता हसता मन्नानाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेचना. रहीमोनं सोललेला बाकला बाजूला सारला, आत गेली आणि कोठीतून गेल्या सालचं एक माप भरून आणलं. मन्नाना त्या बाईच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकली. रहीमोनं हात झटकन मागे घेतला. "वेडी आहेस का? तुझंच आहे. आम्ही सांभाळलं फक्त. आणि नवं पीक खळ्यावर येऊ दे, आणखी दोन मापं घेऊन जा."

"मग कापणीला मी आहे," मन्नाना म्हणाली.

ती खरंच राहिली. चार दिवस. बासष्ट वर्षांची बाई शामाच्या शेजारी ओळीनं कापत होती, पेंढ्या बांधत होती, आणि मागून बतूल चुकीच्या गाठी मारत येत होती. रहीमो त्या सोडून पुन्हा बांधत होती. काड मोडू न देता कसं कापायचं ते मन्नानानं दाखवलं, कारण शाकारणाऱ्याच्या बायकोला तेवढं ठाऊकच. दुपारी झाडाखाली ताक आणि भाकर. चार लेकरं आळीपाळीनं मन्नानाच्या मांडीवर. निघताना शामानं खेचरावर तीन मापं बी लादलं आणि मावशीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बोलायचं सगळं शेतात बोलून झालं होतं.

ऑक्टोबरच्या पावसावर रानाकडच्या पट्टीत श्कालिया पेरला गेला. सगळा नाही. बतूल अडून बसली होती. "एका घरात, एका रांजणात पुन्हा ठेवायचं नाही," ती म्हणाली. "पुन्हा माझ्यासारखी कुणीतरी येईल आणि खाऊन टाकेल." म्हणून गावातल्या पाच घरांत एकेक पायली दिली. अट एकच: पीक आलं की घेणाऱ्यानं आणखी दोन घरांना द्यायचं, आणि त्या घरांची नावं बतूलला कळवायची. पहिल्या पाचांत अल्लालही होता. कुणी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "माझ्या पट्टीतही डुकरं येतात. आता हसायचं असेल तर हसून घ्या."

त्याला सहा वर्षं झाली. मफद्दल कारखान्यात आहेच, पण बतूल परत गेली नाही. तोच दर पंधरा दिवसांनी येतो. दार खर्रूबा आणि तिफ्राऊनच्या बावीस बाया आता श्कालिया लावतात. गुरुवारी पीठ बाजारात नेतात. शफशाऊनचे पाववाले ते घ्यायला सकाळी सात वाजता येऊन उभे असतात. काडाला पुन्हा गिऱ्हाईक आलं, कारण खालच्या रस्त्यावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्यांना जुन्या तऱ्हेची छपरं हवी असतात. बुसल्हामला वर चढता येत नाही. तो खाली खुर्ची टाकून बसतो आणि वर चढलेल्या बतूलला ओरडून सांगतो, "पेंढी उलटी! शेंडा खाली! तुला कितीदा सांगायचं, टँजिअरचा पाऊस वेगळा आणि इथला वेगळा!" बाईनं छपरावर चढावं का, यावर गावात आठवडाभर चर्चा झाली. मग दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी चढल्या आणि चर्चा मिटली.

शामाची थोरली लेक शाळेसाठी आता मन्नानाच्या घरी राहते, कारण तिफ्राऊनला सहावीच्या पुढे वर्ग नाही. ती सांगते की आजीची पहाटेची नमाज लवकर आटोपते, पण नंतरची दुआ संपतच नाही. आधी आजीच्या स्वतःच्या आईचं नाव येतं, मग रहीमोचं, शामाचं, फत्तूमाचं (ती मागच्या वर्षी वारली), तेतवानच्या दवाखान्यात बुसल्हामची काळजी घेणाऱ्या त्या नर्सचं जिचं नाव तिला कधी कळलंच नाही, मग बतूलचं, आणि मग त्या बर्फाचं, रस्ता बंद करणाऱ्या.

बुसल्हाम चहा ओतून वाट बघत बसलेला असतो. "अगं, पुरे," तो म्हणतो. "त्यालाही बाकीच्यांचं ऐकायचं असेल. चहा थंड झाला."

"थंडच पिते मी," मन्नाना म्हणते, आणि राहिलेली नावं घेऊन मगच उठते.